हिमालयन ४११, डबलसीट, पुणे ते बेंगळुरू : काटा ८५वर ठेवायचा की १०५वर?

निळं_हेल्मेट (चिंचवड)

नमस्कार मंडळी,

माझी बाईक रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, बीएस-सिक्स, २०२१ची. रोजचं चिंचवड–चाकण आणि सुट्टीला भोर नाहीतर ताम्हिणी, एवढंच तिचं आयुष्य. त्यात ॲव्हरेज ३०-३१ पडतं, तक्रार नाही. आता दिवाळीनंतर बायकोला घेऊन बेंगळुरूला जायचं आहे, मेव्हणीकडे. घरापासून साधारण ८४० किलोमीटर. हायवेवर एवढं सलग कधी चालवलेलं नाही, म्हणून मागच्या आठवड्यात एकटाच कोल्हापूरला जाऊन आलो. जाताना जिथे रस्ता मोकळा मिळाला तिथे काटा १०० ते १०५वर ठेवला. येताना मुद्दाम ८० ते ८५. टाकी दर वेळी मेन स्टँडवर लावून, एकाच खुणेपर्यंत भरली. जाताना ॲव्हरेज २६, येताना ३४!

फरक पडणार हे माहीत होतं, पण लिटरमागे ८ किलोमीटर? इंजेक्टर वगैरे साफ करून घ्यावा का? आणि दोन माणसं, सामान घेऊन चौपदरी रस्त्यावर निवांत म्हणावा असा वेग कोणता धरावा? ऑफिसातला मित्र म्हणतो, पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १७ दात्यांचा बसव, आरपीएम खाली येतील आणि १०५लाही ३४ देईल. खरं आहे का हे? एका दिवसात पोचावं की मध्ये मुक्काम करावा, तेही सांगा. बायको म्हणते "तू ठरव", म्हणजे काही बिनसलं की जबाबदार कोण ते आधीच ठरलंय.


थ्रॉटल_फुल (मुलुंड)

ॲव्हरेजच बघायचं तर स्प्लेंडर घ्यायची ना राव. माझी ४११ तासन्‌तास ११५ला चालते, काही होत नाही तिला. १५ लिटरची टाकी आहे, भरा आणि पिळा. पहाटे चारला निघा, संध्याकाळी बेंगळुरूत जेवा. समृद्धीवर बाईक सोडत असते तर दाखवलं असतं काय असतं ते.


खंबाटकी (सातारा)

इंजेक्टरला हात लावू नका. गाडी ठणठणीत आहे. तुमचे दोन्ही आकडे मला अगदी बरोबर वाटतात, आणि चाचणीही बरी केलीत. पुणे आणि कोल्हापूर दोन्ही जवळपास एकाच उंचीवर, साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे घाटातल्या चढ-उताराचा हिशोब जाता-येता फिटतो. एक गोष्ट राहिली, ती वाऱ्याची. जाताना वारा समोरून असेल आणि येताना पाठीवर, तर त्या ८ किलोमीटरमधले एक-दोन वाऱ्याचे. पक्कं बघायचं असेल तर जाता-येता एकाच वेगाने चालवून दोन्हीची सरासरी काढायची.

माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा.

चालत्या गाडीला अडवणाऱ्या गोष्टी दोन. टायर-चेनचं घर्षण, ते वेगाने फारसं बदलत नाही. आणि हवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०वरून १००वर गेलात की वेग सव्वापट, अडथळा दीडपटीहून जास्त, बरोबर सांगायचं तर १.५६ पट. आपली बाईक, त्यावर सरळ बसलेला माणूस, त्याचं फडफडणारं जॅकेट, हे सगळं हवेला अगदीच बेढब. ८०च्या वेगाला आपल्या गाडीची जवळपास तीन चतुर्थांश ताकद नुसती हवा बाजूला सारण्यात जाते. म्हणजे किलोमीटरमागे लागणारी एकूण ऊर्जा ८०पेक्षा १००ला साधारण १.४ पट. मग ॲव्हरेज तेवढ्याच पटीने का पडत नाही? कारण हलक्या एक्सलेटरवर इंजिन स्वतःच बरंच वाया घालवतं, अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात त्याची दमछाक होते. जरा भार पडला की ते जास्त काटकसरीने चालतं, आणि तोट्यातला थोडा भाग परत मिळतो. ३४चे २६ होणं या हिशोबात चपखल बसतं.

आता वेगाचं. आपल्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६. लाँग स्ट्रोक, एकच सिलिंडर. ३२ न्यूटन-मीटरचा टॉर्क ४००० ते ४५०० आरपीएमच्या दरम्यान, आणि २४.३ हॉर्सपॉवर मिळतात त्या थेट ६५००ला. कोणी काहीही म्हणो, ही गाडी बनवलीय ती मधल्या आरपीएमवर निवांत चालायला. माझ्या ढोबळ हिशोबाने खऱ्या ८०ला तिला चाकापाशी ७ हॉर्सपॉवर लागतात, खऱ्या १००ला १३. पाच हजार आरपीएमवर इंजिन देतं २०-२१. डबलसीट, बॅगा, समोरून वारा, वर किणी नाक्यानंतरचा एखादा चढ, की शिल्लक संपली. मग ट्रक ओलांडताना तुम्ही कान पिळता आणि गाडी नुसतीच आवाज करते. ८५-९०वर असलात तर पाचव्यातच तीन-चार सेकंदांत पुढे निघता येतं. मला विचाराल तर निवांत वेगाची व्याख्या ही. गाडी किती पळते हा मुद्दाच नाही, पिळल्यावर पुढे अजून काही उरलंय की नाही हा आहे.

दुसरी परीक्षा आरशाची. मागच्या ट्रकची नंबरप्लेट आरशात वाचता येते तोवर इंजिन सुखात आहे. आकडे थरथरून एकमेकांत मिसळले की तुमच्या बोटांनाही तासाभरात मुंग्या येणार. माझ्या गाडीत ही रेषा काट्यावर ९५च्या थोडी पुढे आहे. तुमची तुम्ही शोधा, प्रत्येक गाडीची थोडी इकडे-तिकडे असते.

आणि "काट्यावर" म्हणतोय तेही मुद्दामच. स्पीडोमीटर खरा वेग सांगत नाही. युरोपातल्या नियमाप्रमाणे काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही, जास्त मात्र १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत दाखवला तरी चालतो. त्यामुळे कंपन्या सुरक्षित बाजूला राहतात. माझा काटा ९०वर असतो तेव्हा फोनवर जीपीएस ८४ दाखवतो. तुमचे १०५ म्हणजे खरे ९८-९९ असतील. २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार चौपदरी रस्त्यावर मोटारीला १०० आणि मोटरसायकलला ८० ही कमाल मर्यादा आहे. काट्यावर ८५ ठेवलात की कायद्यातही बसता आणि ३४चं ॲव्हरेजही मिळतं.

आता थ्रॉटलराव, तुमच्यासाठी. समृद्धीवर आणि मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे आपला हायवे म्हणजे एनएच ४८च. तिथे दुभाजकाला गावकऱ्यांनी पाडलेली खिंडारं आहेत, उलट्या दिशेने येणाऱ्या मोपेड आहेत, सातारा–कागल सहापदरीच्या कामाची डायव्हर्जन आहेत. दिवाळीनंतर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. कराड ते निपाणी हा सगळा उसाचा पट्टा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी फूटभर बाहेर. तो दिसल्यावर एक सेकंद भानावर यायला, मग दोन्ही ब्रेक कोरड्या रस्त्यावर नीट लागले असं धरलं, तर ८५वरून थांबायला ६५ मीटर लागतात, १०५वरून ९०. मधले २५ मीटर म्हणजे ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्यांसकट त्यात मावतो.

वेळ किती वाचतो तेही बघा. पुणे ते कोल्हापूर २३० किलोमीटर, त्यात वेग धरता येईल असा मोकळा रस्ता फार तर १५०. तो ८५ने कापायला पावणे दोन तास, १०५ने २० मिनिटं कमी. तेवढ्यासाठी कोल्हापूरपर्यंतच दोन लिटर पेट्रोल जास्त जाळायचं. बेंगळुरूपर्यंत ते साडेसात लिटर होतं आणि एक पंप जास्त करायला लागतो, जिथे रांगेत १० मिनिटं गेलीच.

स्प्रॉकेटबद्दल. कंपनीचा १५ दात्यांचा आहे, मागे ३८. १७ बसवला तर त्याच वेगाला आरपीएम १२ टक्के कमी, हे खरं. पण हवेला तुमचे दाते मोजता येत नाहीत. १०५ला जेवढी ताकद लागायची तेवढी लागणारच. डबलसीट असताना पाचवा गिअर ती ओढणार नाही, तुम्ही चौथ्यात याल आणि आरपीएम पुन्हा तिथेच. वर सिग्नलला, घाटात क्लच जास्त घासायचा. एकट्याने सपाट रस्त्यावरच फिरत असाल तर १६पर्यंत विचार करावा. तुमच्या मित्राची गाडी कोणती आहे?


निळं_हेल्मेट

काका, मित्राकडे गाडी नाही. यूट्यूब आहे.

इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका. सामानासाठी कडक पेट्या घ्याव्यात की कापडी बॅगा? आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यानेच ॲव्हरेज पडलं असं सगळे म्हणतात. ते कितपत धरायचं?


बेळगावकर_कुंदा (बेळगाव)

खंबाटकी काकांनी महाराष्ट्राची बाजू सांगितली, आमच्याकडचं मी सांगतो बघा.

कागल सोडलं की रस्ता एकदम मोकळा वाटायला लागतोय, आणि तिथेच माणसं पिळतात. निपाणीच्या पुढे तवंदी घाट आहे, लहानच, पण वळणावर ट्रक रांगत असतात. खाली उतरताना चौथ्यात राहा. टोलनाक्यावर दुचाकीला टोल नाही, अगदी डावीकडची पट्टी धरायची, पण ती वाळू आणि ऑइलने भरलेली असते, तिथे ब्रेक दाबू नका. टाकी कोल्हापुरात भरायची घाई नको, कर्नाटकात शिरल्यावर पेट्रोल सहसा थोडं स्वस्तच पडतंय. त्यासाठी रिझर्व्हवर मात्र जाऊ नका ओ.

बेळगाव ते हुबळी सुंदर. हुबळी–धारवाड बायपास वर्षानुवर्षं दुपदरी होता आणि अपघातांसाठी बदनाम. रुंदीकरण काढलंय, तरी तिथे काट्याकडे बघायचंच नाही, समोर बघायचं. पुढे हावेरी, राणेबेन्नूर, दावणगेरे, सरळ रेघ. इथेच कंटाळा येतो आणि वेग आपोआप वाढतोय. चित्रदुर्गाला डोंगरावर पवनचक्क्या दिसतील. त्या उगाच नाही लावल्या. तिथे बाजूने जो वारा बसतो त्याने गाडी अर्धी लेन सरकते, पावसाळ्यात तर फारच. दिवाळीनंतर तेवढा नसतो, तरी ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना हँडल घट्ट न धरता सैल धरा, गाडी स्वतःच सावरते.

एका दिवसात जाऊ नका. ८४० किलोमीटर डबलसीट म्हणजे दुसऱ्या दिवशी मेव्हणीकडे फक्त झोपायचं. पहिला मुक्काम हुबळी, ४४० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ४००, आणि नेलमंगलाला दुपारी तीनच्या आत पोचायचं. नाहीतर बेंगळुरूत शिरायचा वेळ बघून ॲव्हरेज, वेग, सगळा हिशोब वाहून जातोय. धारवाडला पेढा घ्या. बेळगावला थांबलात तर कुंदा आमच्याकडून.


नाशिकची_जुळी (नाशिक)

माझी इंटरसेप्टर ६५०. दोन सिलिंडर, सहा गिअर, ४७ हॉर्सपॉवर, त्यामुळे काट्यावर १००ला ती अक्षरशः गुणगुणते आणि पुढेही बरंच शिल्लक असतं. पण टाकी १३.७ लिटरची, ॲव्हरेज २६-२७. म्हणजे तीनशेच्या आधीच पंप शोधायला लागतो. आणि समोर काचच नाही, म्हणून गाडीला १००चं सुख असलं तरी माझ्या मानेला ९०च झेपतं. इंजिन किती निवांत आहे यावर वेग ठरवणारे लोक मान विसरतात.

पण मला लिहायचंय ते दुसरंच. इथे सगळे चालवणाऱ्याचंच बोलताहेत. मी नवऱ्यामागे बसून भरपूर फिरलेय, आता तो माझ्यामागे बसतो, म्हणून दोन्ही बाजू माहीत आहेत. मागची सीट उंच असते. पुढची छोटी काच हवेचा जो झोत वर उडवते तो चालवणाऱ्याच्या हेल्मेटवरून जातो आणि मागच्याच्या तोंडावर आदळतो. ८५ला तो नुसता वारा असतो, १०५ला कोणीतरी हेल्मेट धरून हलवतंय असं वाटतं. तिला ना हँडल धरायला, ना पुढचा खड्डा दिसायला. तिच्यासाठी निवांत वेग तुमच्यापेक्षा नेहमी १० किलोमीटरने कमी समजा. "तू ठरव" म्हणाली असली तरी तिला आधी एक लहान फेरी मारून आणा आणि ती काय म्हणते ते ऐका. कानात फोमचे बोळे घाला, दोघांनीही. शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९५ डेसिबलच्या पुढे जातो, हेल्मेट कितीही महागडं असो. संध्याकाळी जो थकवा येतो त्यातला निम्मा त्या आवाजाचा असतो असं माझं मत आहे. हॉर्न तरीही ऐकू येतो, काळजी नको.

सामान: कापडी बॅगा, चालवणाऱ्याच्या पायांच्या मागे चपट्या बसतील अशा. कडक पेट्या हँडलपेक्षाही बाहेर येतात, वाऱ्यात नुसता अडथळा, शिवाय बेंगळुरूच्या गर्दीत आरसे मोडायला उपयोगी. टॉप बॉक्स लावलाच तर त्यात फक्त रेनकोट आणि हलकं सामान. पाण्याच्या बाटल्या आणि हत्यारं मागच्या चाकाच्या मागे, उंचावर टांगली की पुढचं चाक हलकं होतं आणि ९०च्या पुढे हँडल डुलायला लागतं. जड ते खाली आणि पुढे.


श्टुटगार्टचा_बंड्या (जर्मनी, मूळ सांगली)

एक गणिती किडा सोडतो. इथे लोक लिटरला किती किलोमीटर असं विचारत नाहीत, १०० किलोमीटरला किती लिटर असं विचारतात. तसं मांडलं की डोकं शांत होतं. ३४चं ॲव्हरेज म्हणजे १००ला २.९ लिटर, २६चं म्हणजे ३.८. फरक ०.९ लिटर. आता कोणाची स्कूटर ५५वरून ४७वर आली तर तीही "८ने पडली" म्हणून रडते, पण तिथे फरक फक्त ०.३ लिटरचा. दोन्हीकडे ८च, आणि खिशाला तिप्पट फरक. म्हणून दोन गाड्यांच्या ॲव्हरेजमधली घट कधी अशी थेट ताडून बघू नये.

आणि थ्रॉटल_फुल, ऑटोबानवर मोटारीला आणि बाईकला १३० ही फक्त शिफारस आहे, बऱ्याच पट्ट्यांत वरची मर्यादाच नाही. तरी सामान लादून लांब निघालेले बाईकवाले मला इथे ११०-१२०च्या घरातच दिसतात, आणि त्यांच्याकडे हजार-बाराशे सीसी असतात. ८५च्या तुलनेत १३०ला हवेचा अडथळा २.३ पट. मोकळा रस्ता दिला म्हणून हवा पातळ होत नाही.


थ्रॉटल_फुल

बरं बरं, सगळे माझ्यावरच. ११५ला ॲव्हरेज २२-२३ येतं हे मान्य. पण मजा येते त्याचं काय? ती मोजता येत नाही म्हणून हिशोबात धरायची नाही का?


खंबाटकी

धरा की. मजेला माझा विरोध नाही, आमच्या घाटात पहाटे कोणी नसताना मीही थोडी करतो. पण यांनी निवांत वेग विचारलाय, आणि मागे बायको आहे.

नाशिकच्या ताईंचं मानेचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, मला ते सुचलं नसतं, कारण माझ्या मागे कोणी बसतच नाही.

इथेनॉलचा हिशोब सांगतो. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे २० टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी. पण शुद्ध पेट्रोल आपल्याला आधीही मिळत नव्हतं, १० टक्के तर होतंच. १०वरून २०वर जाण्याचा तोटा म्हणून तीन-साडेतीन टक्के. तुमच्या ३४च्या जागी ३५ आले असते, एवढंच. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरलेली आहे. रबरी नळ्या, सील यांचा प्रश्न वेगळा, त्यावर मॅन्युअल बघा. पण २६ आणि ३४ यांच्यात इथेनॉल येत नाही, दोन्ही वेळा टाकीत तेच होतं.

आणि एक गंमत: बेंगळुरू पुण्यापेक्षा साडेतीनशे मीटरने उंच आहे. पुष्कळ लोक सांगतात, जाताना चढ म्हणून ॲव्हरेज कमी. दोन माणसं, सामान, गाडी, सगळं मिळून तेवढं वर चढवायला अख्ख्या प्रवासात पाव लिटरही पेट्रोल लागत नाही. समोरून २० किलोमीटरचा वारा असला तर मात्र तुमचे ८५ हवेच्या लेखी १०५ होतात. ॲव्हरेज पडलं तर उंचीला दोष देण्याआधी रस्त्याकडेच्या झेंड्याकडे बघा.


निळं_हेल्मेट

काल बायकोला घेऊन साताऱ्यापर्यंत जाऊन आलो, दोन कापडी बॅगांत कपडे भरून, खरं वजन धरून. कानात बोळे दोघांच्या. काटा दोन्ही वेळा ८५वर. ॲव्हरेज ३१, म्हणजे एकट्यापेक्षा तीनने कमी. मधल्या एका पट्ट्यात तिला न सांगता हळूहळू ९५वर नेली. ९०पर्यंत ती मागून काहीबाही बोलत होती, त्यापुढे गप्प. उतरल्यावर विचारलं तर म्हणाली, "तोंड उघडलं की वारा आत जात होता." म्हणजे ८५ ठरले. जीपीएसवर ते ७९ दाखवतात.

आरशाची परीक्षाही घेतली. माझ्याकडे नंबरप्लेट ९७-९८ला विरघळते.

मुक्काम हुबळीलाच करतोय. १५ लिटर आणि ३१ धरलं तर चिंचवडहून निघून हुबळी एका टाकीत बसतं का?


बेळगावकर_कुंदा

कागदावर बसतंय, ४६५. रस्त्यावर बसवू नका. निपाणीला चहा घ्यायचाच आहे, तिथेच टाकी भरा. पुढे थेट दावणगेरेपर्यंत चिंता नाही.


खंबाटकी

कुंदा बरोबर सांगतात. शेवटचे दोन लिटर टाकीत आहेत असंच समजू नका, इंजेक्शनच्या गाडीचा पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, तो कोरडा पाडू नये.

निघायच्या आदल्या रात्री दोन कामं करा. हवा घरी, टायर थंड असताना, मॅन्युअलमधल्या डबलसीटच्या आकड्याप्रमाणे भरा. हायवेवर तापलेल्या टायरमध्ये मोजली तर जास्त दिसते आणि पंपावरचा पोरगा ती काढून टाकतो, मग उरलेला रस्ता कमी हवेवर. आणि चेनचा सैलपणा तपासताना तुमच्या बायकोला मागे बसवून, बॅगा अडकवून तपासा. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन दोघांच्या वजनाने ताणली जाते. हुबळीला पोचल्यावर, चेन कोमट आहे तोवर तेल द्या, सकाळी नको. रात्रभरात ते आत मुरतं, सकाळी दिलेलं सगळं तुमच्या बॅगेवर उडतं.